ऑफिसचा इंग्रजी मेल लिहायला घेतला की अर्धा तास जाते, काय करू?

बुटीबोरी_डिस्पॅच
नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे. शाळा मराठी मिडियमची, नंतर बीकॉम. लोडिंग, ट्रान्सपोर्टरशी बोलणं, ई-वे बिल हे सगळं जमते, पण आता कस्टमरला मेल पण मीच पाठवून राहिलो आणि तिथंच अडते. शब्द येतात, टेन्स पण शाळेत झाले होते, तरी मेल वाचून समोरचा फोन करते आणि विचारते की नेमकं काय, माल येणार का नाही? चेन्नईच्या कस्टमरला पाठवलेला मेल देतो, पाहा आणि मोकळेपणानं सांगा.

"रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट आय ॲम टू इन्फॉर्म यू दॅट ड्यू टू ट्रान्सपोर्टर इज नॉट हॅविंग व्हेइकल सो द मटेरियल विच वॉज टू बी डिस्पॅच्ड टुमारो इज गोइंग टू डिले सो काइंडली ॲडजस्ट अँड डू द नीडफुल."

सब्जेक्टमध्ये फक्त "मटेरियल" लिहिलं होतं. नागपुरात बर्डीवर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? की घरीच काही करता येईल? सकाळी आठला निघतो, रात्री आठला पोचतो, त्यामुळे वेळ रविवारचाच.

परचेसवाली_ताई
भाऊ, मी दुसऱ्या बाजूला बसते, म्हणजे असे मेल मलाच येतात, रोज ढिगानं, म्हणून वाचणाऱ्याच्या खुर्चीतून सांगते. तुझा मेल वाचल्यावर मला तीन गोष्टी कळत नाहीत. माल कधी निघणार, किती निघणार, आणि मी आता काय करायचं. "ॲडजस्ट" म्हणजे काय ॲडजस्ट करू? प्रॉडक्शनला काय सांगू? म्हणून मी फोन उचलते. इंग्रजी कच्चं आहे म्हणून नाही, माहितीच त्या मेलमध्ये नाही म्हणून. हे शुद्ध मराठीत लिहिलं असतं तरी मी फोनच केला असता.

म्हणून मेल उघडायच्या आधी कागदावर मराठीत दोन ओळी लिही: समोरच्याला काय कळलं पाहिजे, आणि त्यानं काय केलं पाहिजे. मग तेवढंच इंग्रजीत. तुझाच मेल असा होईल (ड्रम आणि तारखा मी मनानं टाकल्या आहेत):

"डिअर सर, युवर 40 ड्रम्स विल लीव्ह बुटीबोरी ऑन फ्रायडे, 14 जून, इन्स्टेड ऑफ वेन्सडे, 12 जून. द ट्रान्सपोर्टर डझ नॉट हॅव अ ट्रक बिफोर दॅट. प्लीज कन्फर्म बाय 4 पीएम टुडे इफ धिस डेट इज ओके. इफ यू नीड सम ड्रम्स अर्लियर, टेल अस हाऊ मेनी."

यात एकही अवघड शब्द नाही बघ. पहिल्या वाक्यात बातमी, मग कारण, मग मी काय करायचं ते. आणि सब्जेक्टमध्ये "मटेरियल" नको. माझ्याकडे "मटेरियल" नावाचे मेल शोधले तर शेकड्यानं निघतील, त्यात तुझा कुठला ते कसं कळणार? तिथं पीओ (परचेस ऑर्डर) नंबर टाक आणि पुढं "डिस्पॅच मूव्ह्ड टू 14 जून, प्लीज कन्फर्म". मी मोबाइलवर तेवढं वाचूनच समजते की हा आत्ता उघडायचा आहे.

तारखेत महिना अक्षरात लिही. 05/06 ला आपण 5 जून म्हणतो, अमेरिकेतला माणूस 6 मे वाचतो. एक्सपोर्टच्या कामात यावरून अख्खा घोळ होतो. आणि ज्यानं काम करायचं तो "टू" मध्ये, ज्याला फक्त माहीत असावं तो "सीसी" मध्ये. सगळ्यांना "टू" मध्ये टाकलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल.

निवृत्त_इंग्रजी_मास्तर
वरच्या ताईंनी मूळ सांगितलंच आहे. मी भाषेबद्दल बोलतो, कारण ही वाक्यं तीस वर्षं वह्यांमध्ये पाहिली आहेत आणि यात पोरांच्या बुद्धीचा काही दोष नसतो, आपण मराठीची घडण इंग्रजीत नेतो एवढंच.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि कारण बहुतेक वेळा आधी. "गाडी मिळाली नाही म्हणून माल उद्या निघणार नाही", किती सहज वाक्य आहे. इंग्रजीत ते याच क्रमानं नेलं की वाचणारा कारणातच फिरत राहतो आणि बातमी पार शेवटी सापडते. म्हणून आधी कर्ता आणि क्रियापद, मग बाकीचं. "ड्यू टू" च्या पुढं पूर्ण वाक्य चालत नाही, नाम लागतं: "ड्यू टू अ शॉर्टेज ऑफ ट्रक्स". पूर्ण वाक्य द्यायचं असेल तर "बिकॉज" घ्या, आणि "बिकॉज" घेतलं की पुढं परत "सो" नको. दोन्ही लावायची सवय "कारण... म्हणून" यातून येते.

दुसरं, ते "इज हॅविंग". आपल्याकडे "करून राहिलो, जाऊन राहिलो" जिभेवर असतं, म्हणून इंग्रजीतही आयएनजी लावावंसं वाटतं. पण मालकी, माहिती, इच्छा सांगणाऱ्या हॅव, नो, वॉन्ट, बिलाँग, नीड अशा क्रियापदांना ते सहसा लागत नाही. "आय हॅव टू ब्रदर्स", "वी नीड अ ट्रक". जेवण किंवा मीटिंग चालू असेल तर मात्र "वी आर हॅविंग अ मीटिंग" बरोबर आहे, कारण तिथं हॅव म्हणजे मालकी नाही.

"मी काल फाइल पाठवली आहे" हे मराठीत चालतं, इंग्रजीत "यस्टरडे" आलं की साधा भूतकाळच: "आय सेंट द फाइल यस्टरडे". ऑफिसात सगळ्यांत जास्त महागात पडणारी चूक मात्र "शुक्रवारपर्यंत" ची. शुक्रवारपर्यंत माल पोचेल, तिथं "बाय फ्रायडे", म्हणजे ती शेवटची मुदत. शुक्रवारपर्यंत गोडाऊन बंद राहील, तिथं "टिल फ्रायडे", म्हणजे तोवर तेच चालू. "वी विल सेंड इट टिल फ्रायडे" वाचून परका माणूस खरंच गोंधळतो.

"इन्फॉर्मेशन्स", "इक्विपमेंट्स", "ॲडव्हाइसेस" लिहू नका, हे शब्द मोजायचे नाहीत, एस लागत नाही. "डिस्कस अबाउट" मधला अबाउट काढा. ए आणि द मराठीत नाहीत, त्यामुळे ते लवकर बसत नाहीत. एक प्रश्न विचारायचा, कुठला ते वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे का? माहीत असेल तर द, नसेल आणि एकच असेल तर ए. सगळं यानं सुटत नाही, पण मेलचं काम बऱ्यापैकी निभतं. लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट मिळते, शब्दापुढं कुठलं प्रिपोझिशन येतं आणि तो मोजता येतो का, दोन्ही दिलेलं असतं. ती मोबाइलवर ठेवा.

ट्रक_आणि_टोल
मेलचं झालं, फोनचं कोणी बोलतच नाही, आणि डिस्पॅचवाल्याचं अर्धं काम फोनवर राहते. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा सांगितला की लगेच सुटा करून सांगायचा, "फिफ्टीन, वन फाइव्ह". गाडीचा नंबर देताना एम आणि एन, बी आणि डी असेच मिसळतात. "एम फॉर मुंबई, एन फॉर नागपूर, थ्री वन" असं म्हटलं की समोरचा कुठलाही असो, बरोबर लिहिते. पायलट लोक पण हेच करतात, ते माइक आणि नोव्हेंबर म्हणतात. समोरच्याकडून एकदा वदवून घ्यायचं, "प्लीज रीड इट बॅक". आणि फोन ठेवला की दोन ओळींचा मेल टाकायचा, "ॲज वी डिस्कस्ड" लिहून जे ठरलं ते. नंतर डिमरेजचा, म्हणजे गाडी अडकून राहिल्याच्या पैशाचा वाद झाला तर तोच मेल कामी येते.

सिव्हिललाइन्स_ज्युनियर
मी वकिलीत नवीन आहे. आमच्याकडे लांबच लांब वाक्यांनाच भारी इंग्रजी समजतात, म्हणून मला इथं एक वाक्य ठेवावंसं वाटलं. संविधानाच्या कलम 17 ची सुरुवात: "अनटचेबिलिटी इज अबॉलिश्ड अँड इट्स प्रॅक्टिस इन एनी फॉर्म इज फॉरबिडन." अकरा शब्द. हजारो वर्षांचा अन्याय, आणि तो संपवायला अकरा शब्द पुरले, आणि त्यातून पळवाट काढायला जागा ठेवली नाही. दीक्षाभूमीच्या गावात राहून आपण इंग्रजीला घाबरावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पॅसिव्ह व्हॉइस कधी वापरायचा तेही यातच दिसतं. कोणी बंद केलं ते तिथं महत्त्वाचं नाही, बंद झालं हे महत्त्वाचं. याउलट "इट वॉज डिसायडेड दॅट" असं मेलमध्ये आलं की ठरवलं कोणी हा प्रश्न उरतोच, तिथं "वी डिसायडेड" लिहावं.

क्लासबद्दल, बोलायची भीड असेल तर लाव, चार लोकांसमोर तोंड उघडायची सवय होते. लिहिण्यासाठी मात्र वाचनच लागेल. रोज हितवाद या इंग्रजी पेपरची एक सिटी न्यूज वाच. 1911 पासून नागपूरचा पेपर आहे, बातम्या आपल्याच रस्त्यांच्या, म्हणजे विषय आधीच ठाऊक असतो आणि लक्ष वाक्याकडे राहतं. पहिल्या पॅरात कोण, काय, कुठं, कधी कसं बसवलंय ते बघ, मग पेपर बाजूला ठेवून तीच बातमी तीन वाक्यांत स्वतः लिही आणि ताडून पाहा. एआयकडून मेल तपासून घ्यायला हरकत नाही, पण आधी स्वतः लिही, कारण काय सांगायचं ते त्याला माहीत नसतं. आणि आकडे, तारखा परत स्वतः वाच, कस्टमरचे रेट वगैरे त्यात टाकू नको.

बुटीबोरी_डिस्पॅच
सगळ्यांचे खूप आभार, मास्तरांचं बाय आणि टिल तर लिहून डेस्कवर चिकटवलं. आज ताईंच्या पद्धतीनं एक मेल टाकला, "ओके, कन्फर्म्ड" एवढंच उत्तर आलं, फोन नाही आला. आता एकच विचारतो, "रिस्पेक्टेड सर" चालते का? आणि चेन्नईवाल्यांच्या नावात नुसते इनिशिअल राहतात, मिस्टर कशापुढं लावू?

परचेसवाली_ताई
रिस्पेक्टेड शाळेच्या अर्जात ठीक, कंपनीच्या मेलला "डिअर" पुरतं. मिस्टर आडनावापुढं लागतं, पण तिकडं बऱ्याच जणांना आपल्यासारखं आडनावच नसतं, इनिशिअल वडिलांच्या नावाचं असतं. म्हणून त्याच्या मेलच्या खाली तो स्वतःचं नाव कसं लिहितो ते बघ आणि तसंच लिही. बाई की माणूस ते नावावरून कळत नसेल तर मिस्टर लावूच नको, "डिअर" आणि पूर्ण नाव. आणि तुझ्या सहीखाली मोबाइल नंबर टाक, गेटवर गाडी उभी राहिली की आम्हाला तोच शोधावा लागतो.