डोंगरवाटांवर मार्गदर्शक म्हणून काम करायचे असल्यास कोणते प्रशिक्षण घ्यावे आणि कोणत्या क्रमाने?

प्रश्न : गौताळ्याचा वाटसरू (कन्नड)

सर्वांना नमस्कार. मी कन्नड तालुक्यात राहतो, माझे वय ३३ आहे आणि गेली आठ वर्षे शेती सांभाळून शनिवार-रविवारी अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी, जंजाळा या किल्ल्यांवर शहरातून येणाऱ्या मंडळींना घेऊन जातो. सुरुवातीला ओळखीच्या लोकांना सोबत म्हणून जात असे. आता लोक मानधन देतात, आणि पैसे घेतले की जबाबदारीही आपल्याकडे येते, असे मी मानतो.

हा प्रश्न विचारण्यामागे एक प्रसंग आहे. मागच्या एप्रिलमध्ये एका आयोजकाने मला केवळ वाट दाखवण्यासाठी बोलावले होते. चाळीसएक जणांची तुकडी होती आणि गाडी पायथ्याशी पोहोचेपर्यंत सकाळचे दहा वाजून गेले होते. परतीच्या वाटेवर एक महाविद्यालयीन मुलगा असंबद्ध बोलू लागला, त्याचे पाय लटपटू लागले आणि हाताला त्याचे अंग तापलेल्या तव्यासारखे लागले. मला वाटले की तो थकला असेल, म्हणून मी त्याला सावलीत बसवून पाणी पाजू लागलो, तर त्याला जोराचा ठसका लागला. आयोजकाच्या प्रथमोपचार पेटीत मलम आणि पट्ट्यांपलीकडे काही नव्हते. गावातल्या माणसाच्या जीपमधून आम्ही त्याला दवाखान्यात नेले आणि तो सुदैवाने बरा झाला. पण त्या वेळी काय करायला हवे होते हे मला ठाऊक नव्हते, ही गोष्ट अजूनही मनातून जात नाही.

म्हणून रीतसर शिकायचे ठरवले आहे. सगळे जण ‘बीएमसी (गिर्यारोहणाचा मूलभूत अभ्यासक्रम) करून टाक’ असे सांगतात. बीएमसी केली म्हणजे मार्गदर्शक म्हणून काम करण्याची पात्रता मिळते का? आणि ज्याला अजिंठ्याच्या डोंगररांगेतच काम करायचे आहे, त्याला बर्फावरच्या प्रशिक्षणाचा उपयोग कितपत होतो?

उत्तर : कातळकडा (छत्रपती संभाजीनगर)

आपण प्रसंग मोकळेपणाने सांगितलात, त्याबद्दल आधी आभार. मी अनेक वर्षे प्रस्तरारोहणाची शिबिरे घेतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बीएमसी हा अभ्यासक्रम आपल्याला स्वतःला डोंगरात सुरक्षितपणे वावरायला शिकवतो; दुसऱ्याला नेण्याचा परवाना तो देत नाही. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (स्थापना १९६५), मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था आणि पहलगामची जवाहर संस्था येथे तो साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तरच पुढच्या एएमसीला, म्हणजे प्रगत अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळतो आणि एएमसीतही ‘अ’ श्रेणी असेल तर एमओआय, म्हणजे शिकवायचे कसे हे शिकवणारा सुमारे तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम करता येतो. शोध आणि बचावकार्याचा अभ्यासक्रम वेगळा असतो. आपल्याकडे हीच साखळी ‘पात्रता’ म्हणून ओळखली जाते, परंतु तिचा मूळ हेतू गिर्यारोहक आणि प्रशिक्षक घडवणे हा आहे.

पर्वतीय मार्गदर्शक हा व्यवसाय म्हणून जगात ज्या मापाने मोजला जातो, ते माप आयएफएमजीए या आंतरराष्ट्रीय महासंघाचे आहे. ऑस्ट्रिया, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या देशांच्या मार्गदर्शकांनी १९६५ साली तो स्थापन केला. आशियातून जपान आणि नेपाळ त्याचे सदस्य आहेत. खडक, बर्फ आणि स्कीइंग या तिन्हींत अनेक वर्षे प्रशिक्षण आणि परीक्षा दिल्यावर त्याचे पदक मिळते, त्यामुळे बीएमसी किंवा एमओआयचे प्रमाणपत्र त्याच्या बरोबरीचे आहे असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

आपल्या कामासाठी मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. युरोपात पायवाटांवरून लोकांना नेणाऱ्या मार्गदर्शकांची स्वतंत्र श्रेणी आहे आणि यूआयएमएलए ही त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना २००४ पासून काम करते. जिथे दोर, आइस अ‍ॅक्स आणि हिमनदी यांचा संबंध येत नाही, तिथपर्यंतच त्यांचे क्षेत्र असते. मात्र त्या क्षेत्रात नकाशावाचन, हवामानाचा अंदाज, गटाची हाताळणी आणि प्रथमोपचार यांची परीक्षा कडक असते. दोर जिथे सुरू होतो तिथे रेषा ओढण्याची ही पद्धत मला अतिशय योग्य वाटते. आपले अंतूर, वेताळवाडी आणि जंजाळा या रेषेच्या अलीकडचे आहेत. तेव्हा आपल्याला पहिल्यांदा लागणार आहे ते गट सांभाळण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण, बर्फ त्यानंतर.

तरीही बीएमसी करावी, असेच मी सांगेन. तिथे रोज पहाटे उठून शिस्तीने चालणे, दोराच्या गाठी अंधारातही न चुकता बांधणे, बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळताना, दुसऱ्याचा जीव आपल्या हातात आहे याची जाणीव अंगात मुरणे, हे सारे इकडे मिळत नाही. उद्या एखाद्या गटाने आपल्याला रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून कडा उतरवण्याची, विनंती केली, तर त्या क्षणी ‘माझे प्रशिक्षण तेवढे नाही’ असे ठामपणे म्हणता येण्यासाठीसुद्धा ते प्रशिक्षण काय असते हे पाहिलेले असावे लागते. आपला काळा कातळ दिसायला भक्कम असला तरी त्याचे थर जागोजागी सुटतात, आणि खडकात ठोकलेल्या एकाच बोल्टवर दहा-दहा जणांना उतरवणारे लोक मी पाहिले आहेत.

सरकारी बाजूही सांगून ठेवतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण लागू केले आणि त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. संचालनालयाचे विभागीय कार्यालय आपल्या संभाजीनगरातच आहे. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य असल्याने तिथे वनविभागाची परवानगी लागते, ती वेगळी. सहभागी लोकांकडून ‘आमच्या जबाबदारीवर येत आहोत’ असे लिहून घेतले म्हणजे आपण मोकळे झालो, ही समजूत चुकीची आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि तो कागद त्यातून सुटका करत नाही.

उत्तर : बालाघाटातील डॉक्टर (अंबाजोगाई)

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे आणि फक्त वैद्यकीय भागाबद्दल लिहिते.

आपण सांगितलेली लक्षणे उष्माघाताची आहेत. उन्हात श्रम केलेला माणूस गोंधळलेला वाटू लागला आणि त्याचे अंग भाजत असेल, तर घाम येतो आहे की नाही याची वाट न पाहता उष्माघातच समजावा. अशा वेळी आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, हा क्रम लक्षात ठेवावा. सावलीत आडवे करून जादा कपडे काढावेत, सोबतच्या सगळ्यांच्या बाटल्यांतले पाणी अंगावर ओतावे, ओल्या कापडाने सतत वारा घालावा आणि हे चालू असतानाच वाहन बोलवावे. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला तोंडाने पाणी पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते; त्या मुलाला ठसका लागला तो याच कारणाने. आपण त्याला सावलीत नेलेत आणि पुढे दवाखान्यातही पोहोचवलेत, ही दोन्ही कामे बरोबर होती.

मराठवाड्यातल्या वाटाड्याला यासोबत आणखी दोन प्रसंगांची तयारी हवी. लेणी आणि कडे यांवर आग्या मोहोळे असतात, त्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांना सक्त मनाई असावी. माश्या उठल्याच तर डोके-तोंड झाकून लांब पळावे, झाडाखाली थांबू नये आणि अंगात रुतलेले काटे लगेच खरवडून काढावेत. ज्याला श्वास घ्यायला त्रास होतो किंवा ज्याचे तोंड सुजते, त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. दुसरा प्रसंग सर्पदंशाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप शोधण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि माणसाला शक्यतो चालू न देता न्यावे.

हे वाचून कळते, पण हाताला सरावानेच येते. त्यासाठी रुग्णालयापासून दूर असताना करायच्या उपचारांचे खास अभ्यासक्रम असतात. त्यातला प्राथमिक अभ्यासक्रम साधारण १६ तासांचा, तर ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा ७० ते ८० तासांचा असतो आणि त्याचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीनंतर पुन्हा परीक्षा देऊन नवे करावे लागते. ही मुदतीची अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण छातीदाबाचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचा, सराव दोन वर्षे केला नाही तर हात विसरतात. बीएमसीच्या आधी आपण हा अभ्यासक्रम करावा, असा माझा आग्रह राहील.

उत्तर : हत्तीबेट (उदगीर)

मी उत्तरकाशीहून बीएमसी केली आहे, म्हणून सपाटीवरून जाणाऱ्या माणसाच्या नजरेतून थोडे लिहिते. लातूर जिल्ह्यात चढ शोधावे लागतात. मी चार महिने रोज हत्तीबेटाच्या पायऱ्यांवर पाठीवर १५ किलोची सॅक घेऊन चढ-उतार केली आणि आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर धावले. तरीही पहिल्या आठवड्यात माझी दमछाक झाली. टेखला येथे खडकावरचे प्रशिक्षण होते, तिथे फारशी अडचण येत नाही. खरा कस लागतो तो हिमनदीवर सामान वाहून नेताना आणि उंचीवर झोपताना. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे तिथे केवळ सांगत नाहीत, तसे वागायलाच लावतात, आणि डोके दुखत असल्याचे लपवणाऱ्याला ते फार कठोरपणे समज देतात.

श्रेणीबद्दल एक सूचना करते. माझ्या रोपमध्ये, म्हणजे एका दोरावरच्या तुकडीत, सर्वांत चपळ चढणाऱ्या मुलीला ‘ब’ श्रेणी मिळाली, कारण ती सोबतच्यांना मागे टाकून पुढे निघून जात असे. मार्गदर्शक व्हायचे असेल तर तिथले प्रशिक्षक नेमके काय पाहतात, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

वयाची वरची मर्यादा संस्थेगणिक थोडी वेगळी असली तरी ती चाळिशीच्या आसपास आहे आणि तुकड्या फार लवकर भरतात. आपण ३३ वर्षांचे आहात, पुढे एएमसी आणि एमओआयही करायची असल्यास एक-दोन वर्षे वाया घालवून चालणार नाही. एकाच संस्थेवर अवलंबून न राहता दोन ठिकाणी अर्ज करावा. परभणीहून सचखंड एक्सप्रेसने मी दिल्ली गाठली होती; आपल्याला ती संभाजीनगरला मिळेल.

प्रश्नकर्ता : गौताळ्याचा वाटसरू (कन्नड)

आपण तिघांनीही इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. डॉक्टर ताईंचे उत्तर वाचून त्या दिवशी माझे काय चुकले ते नेमके समजले. मी असे ठरवले आहे की या हिवाळ्यात प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, तोपर्यंत मार्चनंतरची दिवसाची चढाई घ्यायची नाही आणि एका वेळी पंधरांपेक्षा जास्त माणसे न्यायची नाहीत. बीएमसीसाठी पुढच्या वर्षीच्या एप्रिलच्या तुकडीला अर्ज करीन, कारण मे अखेरीस आमच्याकडे अद्रकाची लागवड सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला असतो. जाताना बूट स्वतःचे न्यावेत की संस्थेकडून मिळतात?

उत्तर : हत्तीबेट (उदगीर)

बर्फावरचे बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे), आइस अ‍ॅक्स आणि हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) संस्था देते. चालण्याचे बूट मात्र स्वतःचे न्यावेत आणि ते निघण्याच्या किमान दोन महिने आधी घेऊन रोज वापरावेत. नव्या बुटांमुळे तिसऱ्याच दिवशी टाचा सोलून निघालेली दोन मुले आमच्या तुकडीत होती. वैद्यकीय तपासणीचा नमुना अर्जासोबतच असतो. तो ऐनवेळी भरून घेण्यासाठी धावपळ होते, म्हणून तेवढे काम मार्चच्या आधी उरकून घ्यावे.