एक्सेल: जिल्हा निवडला की फक्त त्याच जिल्ह्याचे तालुके ड्रॉपडाउनमध्ये कसे आणायचे?

कोरा_सेल
एक्सेल २०१६. ‘नोंद’ शीटमध्ये ए कॉलममध्ये जिल्हा, बी कॉलममध्ये तालुका. जिल्ह्यांची नावं इंग्रजीत आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या तालुक्यांना जिल्ह्याचंच नाव देऊन (नेम्ड रेंज) बी कॉलमच्या ड्रॉपडाउनला इनडायरेक्ट (सेलमधल्या नावाची रेंज उचलून देणारं फंक्शन) लावलं. पुणे, सातारा, नांदेड व्यवस्थित चालतात. छत्रपती संभाजीनगर, मुंबई उपनगर निवडलं की बाणावर क्लिक करूनही यादी उघडत नाही. शिवाय जिल्हा बदलला तरी जुना तालुका तसाच राहतो. काय चुकतंय?

रकाना_रांग
पहिल्याचं कारण नावातली मोकळी जागा. नेम्ड रेंजच्या नावात स्पेस चालत नाही. ‘क्रिएट फ्रॉम सिलेक्शन’ने नावं दिली असतील तर एक्सेलने स्पेसच्या जागी अंडरस्कोर टाकलाय. सेलमध्ये मात्र स्पेसच आहे, म्हणून इनडायरेक्टला त्या नावाची रेंज सापडत नाही. कंट्रोल + एफ३ दाबून नेम मॅनेजरमध्ये बघा, लगेच दिसेल.

तात्पुरता इलाज: इनडायरेक्टच्या आत सब्स्टिट्यूट घालून ए२ मधल्या स्पेसचा अंडरस्कोर करा. तेवढ्याने चालेल.

सूत्रधार_४२
चालेल, पण ३६ जिल्ह्यांची ३६ नावं सांभाळत बसायचं कशाला? एखाद्या जिल्ह्याचं नाव बदललं की नेम मॅनेजरमध्येही हात घालावा लागतो, आणि आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ते तीनदा झालंय. नावं काढून टाका, दोन कॉलमची एकच यादी ठेवा.

‘यादी’ नावाची शीट करा. ए कॉलममध्ये जिल्हा, बी मध्ये तालुका, पहिल्या ओळीत शीर्षकं. पुण्याच्या १४ ओळी, नांदेडच्या १६, असं खाली खाली. अकारविल्हे नसलं तरी हरकत नाही, पण एका जिल्ह्याच्या ओळी सलगच हव्यात. मधे दुसरा जिल्हा घुसला तर यादीत त्याचा तालुका दिसेल आणि शेवटचा गळेल. मुंबई शहर जिल्ह्यात तालुके नाहीत, तिथे ‘लागू नाही’ अशी एक ओळ घाला, नाहीतर सूत्र एरर देईल.

आता ‘नोंद’मध्ये बी२ पासून खाली सिलेक्ट करा. डेटा → डेटा व्हॅलिडेशन → सेटिंग्ज, अलाउमध्ये लिस्ट, सोर्समध्ये हे (फंक्शनची नावं आणि कॉलमची अक्षरं इथे देवनागरीत दिलीत, तुम्ही इंग्रजीत टाका, अंकही इंग्रजी):

=ऑफसेट(यादी!$बी$१, मॅच($ए२, यादी!$ए:$ए, ०)-१, ०, काउंटइफ(यादी!$ए:$ए, $ए२), १)

मॅच त्या जिल्ह्याची पहिली ओळ शोधतं, काउंटइफ त्याच्या ओळी मोजतं, ऑफसेट तेवढाच तुकडा उचलतं. नवा तालुका आला तर त्या जिल्ह्याच्या ओळींमध्ये एक ओळ घाला, बाकी कुठे हात लावायला नको.

हमखास फसायच्या जागा:

सोर्सच्या चौकटीत असताना ए२ वर क्लिक केलंत तर एक्सेल $ए$२ लिहितं. तसंच ठेवलं तर सगळ्या ओळींना दुसऱ्या ओळीतल्या जिल्ह्याचेच तालुके दिसतात. २ च्या आधीचं डॉलर काढा. आणि त्या चौकटीत बाणाच्या कीने मागे-पुढे जायच्या आधी एफ२ दाबा, नाहीतर सूत्राच्या मधोमध भलताच सेल येऊन बसतो.

ए२ रिकामा असेल तर ओके दाबल्यावर ‘सोर्समध्ये एरर आहे, पुढे जायचं का’ असं विचारतं. यस म्हणा, जिल्हा भरल्यावर ती एरर राहत नाही.

‘इग्नोअर ब्लँक’ची खूण काढा. ती राहिली तर जिल्हा रिकामा असताना तालुक्यात कुणीही काहीही टाइप करू शकतं.

जिल्ह्यांची यादी मात्र वेगळ्या शीटवर ठेवून रेंज द्या. स्वल्पविराम देऊन सोर्समध्येच टाइप करायला जाऊ नका, तिथे २५५ अक्षरांची मर्यादा आहे. ३६ नावं मावत नाहीत.

रकाना_रांग
पटलं, हे जास्त टिकाऊ आहे. तरी कुठला जिल्हा चालेना तर सूत्राला दोष देण्याआधी यादीतली नावं तपासा. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या नावाच्या शेवटी बऱ्याचदा नॉन-ब्रेकिंग स्पेस असते. डोळ्यांना दिसत नाही, ट्रिमने (जादा स्पेस काढणारं फंक्शन) जात नाही. सब्स्टिट्यूटमध्ये युनिकॅर(१६०) देऊन काढावी लागते. लेन फंक्शनने अक्षरं मोजलीत की कळेल: ‘पुणे’ इंग्रजीत ४ हवीत, ५ आली तर शेपूट आहे.

कोरा_सेल
ऑफसेट चाललं. जुना तालुका मागे राहतो त्याचं काय?

सूत्रधार_४२
व्हॅलिडेशन फक्त टाइप करताना तपासतं, आधीच भरलेल्या सेलला हात लावत नाही. मॅक्रो नको असेल तर जिल्ह्यालाच कुलूप लावा. ए२ च्या सोर्समध्ये इफ: $बी२ रिकामा असेल तर जिल्ह्यांची पूर्ण रेंज, नाहीतर फक्त $ए२. तालुका भरलेला असताना जिल्ह्याच्या यादीत आहे तोच जिल्हा दिसतो. बदलायचा तर आधी तालुका पुसावा लागतो.

जोडीला कंडिशनल फॉरमॅटिंग ठेवा: बी२ भरलेला आहे आणि काउंटइफ्सने ‘यादी’त जिल्हा-तालुका ही जोडी ० वेळा सापडते, तर सेल लाल. जोडीच तपासा, नुसता तालुका नको. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरमध्येही.

हिशोबाची_वही
कुणी दुसऱ्या फाइलमधून कंट्रोल + व्ही केलं तर त्या सेलचं व्हॅलिडेशनच उडतं. पेस्ट व्हॅल्यूज केलं तर नियम राहतो, पण चुकीची नोंद बिनबोभाट आत येते. म्हणून फाइल गोळा झाल्यावर डेटा व्हॅलिडेशनच्या बाणातलं ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ एकदा चालवा. जुन्या ओळींत राहिलेलं औरंगाबाद, उस्मानाबादही त्यात सापडतं. कंट्रोल + एचने बदला.

हीच फाइल गुगल शीट्समध्ये भरून घ्यायची असेल तर हे ऑफसेट विसरा, तिथे ड्रॉपडाउनला सूत्र देता येत नाही, रेंजच लागते. ‘मदत’ शीट करून ए२ मध्ये ट्रान्सपोजच्या आत फिल्टर लावा, म्हणजे त्या ओळीतल्या जिल्ह्याचे तालुके आडवे पसरतील. सूत्र खालपर्यंत ओढा. मग तालुक्याच्या ड्रॉपडाउनला ‘मदत’मधली ए२ ते टी२ रेंज द्या, डॉलर न लावता. सर्वांत जास्त तालुके १६ आहेत (नांदेड, यवतमाळ), त्यामुळे २० कॉलम पुरतात. नियमात ‘रिजेक्ट इनपुट’ निवडा. ‘शो वॉर्निंग’ ठेवलं तर चुकीचा तालुका नुसती लाल खूण लावून आत घेतला जातो.