नेत्याच्या लोकप्रियतेचे आकडे खरे की खोटे, हे कसं ओळखायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक चित्र येतं. जगातल्या नेत्यांचे फोटो एकाखाली एक, शेजारी टक्के, आणि सगळ्यात वर आपले पंतप्रधान. जुलै 2025 मध्ये आलं त्यात 75 टक्के होते. मॉर्निंग कन्सल्ट नावाच्या अमेरिकी कंपनीची पाहणी. चित्र टाकतात मेहुणे. माझा धाकटा भाऊ लगेच खाली लिहितो, "सगळे सर्व्हे विकत घेतलेले असतात." भाऊबीजेला हा विषय ताटावर निघाला आणि इतका चिघळला की बहीण ओवाळणीचं तबक घेऊन उभीच राहिली.

मला कोणाच्या बाजूने भांडायचं नाही. पण 2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेची पाहणी आली होती. तिच्यात मोदी पंतप्रधान व्हावेत असं म्हणणारे 48 टक्के होते. एकाच माणसाबद्दल एकीकडे सत्तरच्या वर, दुसरीकडे 48. मग 1 जूनला एक्झिट पोल आले, बहुतेकांनी भाजपच्या आघाडीला, म्हणजे एनडीएला, साडेतीनशेच्या वर जागा दिल्या. निकालात एनडीएच्या 293 आल्या, भाजपच्या 240. यातलं खरं काय धरायचं? मी शेहेचाळीस वर्षांचा आहे, मेडिकलचं दुकान चालवतो, दिवसाला शंभर माणसं भेटतात. मला किंवा माझ्या एकाही गिऱ्हाइकाला आजवर कोणी सर्व्हेवाल्याने विचारलेलं नाही.

संख्यारेषा

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण वर्गात मुलं हेच विचारतात. 2024 मध्ये देशात साधारण 97 कोटी मतदार होते. दहा हजार लोकांची पाहणी असली तर तुमचं नाव निघण्याची शक्यता 97 हजारांत एक. तेव्हा तुम्हाला विचारलं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत कुठून उचललं ते महत्त्वाचं. अमेरिकेत 1936 साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, वीस लाखांच्या वर उत्तरं परत आली, आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट निवडणूक हरणार असं छापलं. रूझवेल्ट 61 टक्के मतं घेऊन जिंकले. नावं काढली होती टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे असणार? शिवाय उत्तर पाठवण्याची तसदीही ठरावीक लोकांनीच घेतली. गॅलप या पाहणी संस्थेने त्याच निवडणुकीत कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. म्हणून "एवढ्या लाख लोकांची पाहणी" हे वाचून दबून जाऊ नका.

एक्झिट पोल मात्र यातून बाजूला काढा. तिथे मतांवरून जागांवर उडी मारावी लागते आणि बहुतेक वेळा पाय तिथेच मोडतो.

माळरान

मी केज तालुक्यातली, जिल्हा बीड. राज्यशास्त्रात एम.ए. करत असताना दोन निवडणुकांच्या वेळी सर्व्हेचं काम केलं आहे, दारोदार फिरून. संस्थेचं नाव घेत नाही. वरच्या उत्तरात गणित आलं, मला उंबऱ्यावर काय होतं ते सांगायचं आहे. आकडा तिथे तयार होतो.

आम्हाला मतदारयादीतून काढलेली नावं दिली होती. एका केंद्राच्या यादीत ठरावीक अंतराने एकेक नाव. अमक्या घरातली अमकी बाई म्हणजे तीच बाई, तिचा दीर चालणार नाही. ही पद्धत चांगली आहे, आजही मी तीच सगळ्यात वरची मानते. पण पहिल्यांदा गेलो तो महिना फेब्रुवारी होता. आमच्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. पहिल्याच वस्तीवर यादीतल्या सात घरांना कुलूप होतं. गावात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि पारावर बसलेले चार-सहा पुरुष. ते पुरुष उत्तरं द्यायला तयारच होते. "बाई, त्यांचं आम्हीच सांगतो की, एकच गाव हाय." आमच्याबरोबरच्या एका मुलाने तसे तीन फॉर्म भरले. पर्यवेक्षकाच्या लक्षात आलं म्हणून ते फाडले गेले. लक्षात आलं नसतं तर ती तीन मतं ऊसतोड बायकांच्या नावावर देशाच्या आकड्यात गेली असती.

म्हणून मी कोणतीही पाहणी बघितली की आधी तारीख बघते. "देशाचा कौल" जानेवारी-फेब्रुवारीत घेतला असेल तर आमच्या अख्ख्या भागातला कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, त्यात कितीसा आला, हा माझा पहिला प्रश्न असतो.

दुसरं, विचारताना शेजारी कोण होतं. एका घरी सून दारात आली, सासरा ओट्यावर बसलेला. मी विचारलं, "पंतप्रधान कोण व्हावं असं तुम्हाला वाटतं?" तिने पदर सावरला आणि सासऱ्याकडे बघितलं. "आम्हाला काय कळतंय, त्यांनाच विचारा." सासरा बोलला ते मी लिहिलं नाही. आमच्याकडे खोटी मतपत्रिका आणि एक पेटी असायची. मत कोणाला दिलं हा एकच प्रश्न त्या कागदावर. पाठ फिरवून शिक्का मारायचा, घडी घालून आत टाकायची, आम्ही बघायचं नाही. तोंडी "कळत नाही" म्हणणाऱ्या त्या सुनेने कागद हातात आल्यावर क्षणभरही विचार केला नाही. नेत्याच्या पसंतीचा प्रश्न मात्र तोंडीच होता, पेटीत नव्हता. तिचं उत्तर "सांगता येत नाही" या रकान्यात गेलं. तेव्हापासून मी तो रकाना पहिला वाचते. बातमीत तो बहुतेक वेळा छापलेलाच नसतो.

तिसरं, तुम्ही कोण. आमच्याकडे पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारतात. "कुणाच्या म्हणायच्या तुम्ही?" मी आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कळायचं, की आता हा माणूस मला कोणत्या पक्षाची समजणार. काहींना वाटायचं आम्ही सरकारकडून आलोय. एका आजींनी उत्तर दिल्यावर विचारलं, "आता घरकुलाच्या यादीतून नाव काढायचे नाहीत ना?" जो सत्तेवर असतो त्याला अशा घरांतून थोडी जास्त पसंती मिळते, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. उलटही पाहिलं आहे. ज्या वस्तीवर वारं विरोधकांचं होतं तिथे सत्तेतल्या नेत्याला मानणारा माणूस आवाज खाली आणून बोलायचा.

आता तुमचे 75 आणि 48. त्यात भांडण नाही, प्रश्न वेगळे आहेत. "अमक्यांचं काम पसंत आहे का?" याला हो म्हणायला काही लागत नाही. समोर दुसरं नावच नसतं. लोकनीतीचा प्रश्न उघडा असतो. पंतप्रधान कोण हवं, आणि नावं वाचून दाखवायची नाहीत. माणसाने आपल्या तोंडाने नाव घ्यायचं. कोणी राहुल गांधी म्हणतो, कोणी आपल्या राज्यातल्या नेत्याचं नाव घेतो, कोणी गप्प बसतो. एकच माणूस पहिल्याला "हो" आणि दुसऱ्याला वेगळं नाव सांगू शकतो, आणि दोन्ही वेळा खरंच बोलत असतो. त्या निवडणुकीत भाजपला मतं मिळाली 36.6 टक्के. काम पसंत असणं, पंतप्रधान म्हणून हवं असणं आणि गल्लीतल्या उमेदवारापुढचं बटण दाबणं, ही तीन वेगळी कामं आहेत.

तुमच्या भावाला एवढं जरूर सांगा, की विकत घेतलेले सर्व्हे असतीलही, पण मी ज्या कामात होते तिथे कोणी मला आकडा सांगून पाठवलं नव्हतं. चुका झाल्या त्या उन्हाने, कुलपांनी आणि लाजेने.

सायंपाळी

माळरानताई, वाचताना अंगावर काटा आला. मी पुण्यात फोनवरच्या सर्व्हेच्या कामाला होते, संध्याकाळच्या पाळीला. आता मोठ्या पाहण्यांतल्या बऱ्याच फोनवरच होतात.

कॉम्प्युटर नंबर लावतो, आम्ही वाचायचं. उचलणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त. बाईचा आवाज आला तरी दुसऱ्या वाक्याला "थांबा हं, ह्यांना देते". आम्ही म्हणायचो, "नाही ताई, तुमच्याशीच बोलायचंय." बऱ्याचदा तिथे फोन कट. पैशाचा किंवा जातीचा प्रश्न आला की आणखी काही गळायचे. शेवटपर्यंत टिकणारा माणूस म्हणजे ज्याला राजकारणावर बोलायला आवडतं, असाच जास्त. मग वर ऑफिसात आकड्यांना वजन देतात. समजा शंभरात बायका पंचवीसच आल्या, तर त्या पंचवीस जणींचं उत्तर दुपटीने धरायचं. रीत म्हणून यात गैर काही नाही, सगळीकडे असंच करतात. पण नवऱ्याला फोन न देता माझ्याशी वीस मिनिटं बोललेल्या त्या पंचवीस जणी फोन ठेवून दिलेल्या बायकांसारख्याच होत्या का? मला नेहमी वाटायचं, नव्हत्या.

गोदाकाठ, मॉर्निंग कन्सल्टचं तर फोनवरही नाही, ऑनलाइन आहे. त्यांच्या पद्धतीच्या टिपेत त्यांनीच लिहिलंय, की भारतातला नमुना, म्हणजे निवडलेले लोक, साक्षर लोकसंख्येचा आहे. चित्रावर ते कोणी टाकत नाही. 2011 च्या जनगणनेत साक्षरता 74 टक्के होती, बायकांची 65 च्या आसपास. पुढे वाढली असेल, तरी माळरानताईंच्या त्या आजी त्यात नाहीत.

संख्यारेषा

माळरान, "शेजारी कोण उभं होतं" यावर रशियात एक सुंदर प्रयोग झाला आहे. 2015 मध्ये, पुतिन यांची पसंती ऐंशीच्या बरीच वर दिसत होती तेव्हा. लेवाडा सेंटर या तिथल्या पाहणी संस्थेच्या पाहणीत संशोधकांनी निम्म्या लोकांना तीन नेत्यांची यादी दिली, स्तालिन, ब्रेझनेव्ह, येल्त्सिन. विचारलं, यातल्या कितींना तुमचा पाठिंबा आहे किंवा होता? कोणाला ते सांगू नका, फक्त आकडा सांगा. उरलेल्या निम्म्यांना तीच यादी, पण चौथं नाव पुतिन. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पुतिन यांचा पाठिंबा, आणि कोणा एकावर बोट ठेवता येत नाही. तुमच्या मतपेटीचाच हा भाऊ. उत्तर थेट विचारलेल्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी आलं, पण तरी ऐंशीच्या आसपासच राहिलं. म्हणजे भीती किंवा संकोच होता आणि खरी पसंतीही होती. गोदाकाठ, तुमच्या घरातल्या दोघांनाही हे सांगण्यासारखं आहे.

आणि पसंती खरी असली तरी ती टिकते असं नाही. आखाती युद्धानंतर 1991 च्या सुरुवातीला गॅलपने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांची पसंती 89 टक्के मोजली होती. नोव्हेंबर 1992 मध्ये ते क्लिंटनकडून हरले. आपल्याकडे 2004 मध्ये वाजपेयी पंतप्रधान म्हणून लोकांना सोनिया गांधींपेक्षा जास्त हवे होते, आणि काँग्रेसच्या 145 जागा आल्या, भाजपच्या 138. त्यामुळे एकच संस्था, एकच प्रश्न, एकच पद्धत धरून रेषा वर चालली आहे की खाली एवढं बघा. एका संस्थेचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवलात तर हाती फक्त भांडण येईल.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी मॉर्निंग कन्सल्टची ती टीप मेहुण्यांना आणि भावाला दोघांना वेगवेगळी पाठवली, खाली काहीही न लिहिता. मेहुणे म्हणाले, "साक्षर तर साक्षर, पण तेही आपलेच लोक ना?" ते खरंच आहे. भावाला मी रशियाचा प्रयोग सांगितला, तो बराच वेळ ऐकत होता.

माझी आई चौथी शिकलेली आहे, फोन साधा बटणांचा. आज दुकान बंद करून घरी आल्यावर मी तिला विचारलं, आई, तुला कोण पंतप्रधान हवं? एकोणपन्नास वर्षांत ती बापूंना, म्हणजे आमच्या वडिलांना, विचारून मत द्यायची असं आम्ही भावंडं समजून चाललो होतो. तिने दार लोटून घेतलं आणि मग सांगितलं.

माळरान, एक विचारायचं राहिलं. त्या कुलूपबंद सात घरांचं पुढे काय झालं?

माळरान

दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये गेलो, मतदान झाल्यावर दोन दिवसांनी. टोळ्या परतल्या होत्या. सातपैकी पाच घरं उघडी होती, सहाव्या घरातली बाई कारखान्याच्या तळावरच बाळंत झाली होती म्हणून मागे राहिली होती, सातव्याचं कोणाला माहीत नव्हतं. एकीने हात धुऊन, लुगड्याला पुसून कागद घेतला आणि विचारलं, "मव्हं नाव हाय का यात? खरंच?" मी यादीतलं तिचं नाव बोट ठेवून दाखवलं. तिने शिक्का मारून घडी घातली, पेटीत टाकली, आणि मग कोणाला ते मला मोठ्याने सांगितलंही. ते मी इथे लिहिणार नाही. फॉर्मच्या पहिल्या पानावर आम्ही तिला तसा शब्द दिला होता.