मदत हवी आहे: सीनाकाठच्या बारवेसाठी सरकारी निधी कोणत्या शीर्षातून (खर्चाच्या सदरातून) मागावा?

सीनाकाठ:
मोहोळ तालुक्यातलं गाव. जुन्या महादेव मंदिराला लागून दगडी बारव (पायऱ्यांची विहीर) आहे, तोंडाशी साधारण 9 बाय 9 मीटर. उत्तरेच्या भिंतीला पोट आलंय, सांध्यांत पिंपळ. मंदिर सार्वजनिक न्यासाचं, बारवेची जागा ग्रामपंचायतीची. 22 लाखांचं अंदाजपत्रक पर्यटन शीर्षाखाली पाठवलं: सिमेंटने दरजा (दगडांमधले सांधे) भरणे, पेव्हर ब्लॉक, स्वागत कमान. 'बाब बसत नाही' असा शेरा मारून परत आलं. पंढरपूर-अक्कलकोट करणारे भाविक इथे थांबावेत एवढीच इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?

कागदवाला:
परत आलं ते बरं झालं. त्या अंदाजपत्रकात दोन वेगळी कामं एकत्र कोंबलीत. जतन आणि सोयी वेगळ्या करा.

जतनासाठी जिल्हा वार्षिक योजनेत गड, किल्ले, मंदिरं आणि महत्त्वाची संरक्षित स्मारकं यांसाठी 3 टक्के निधीची तरतूद आहे. नुसती असंरक्षित बारव मांडली तर पहिली शंका तिथेच निघेल. मंदिर परिसराचा भाग म्हणून मांडा. स्वच्छतागृह, फलक, वाहनतळ यांसाठी आधी गावाला 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळवा. तो जिल्हा नियोजन समिती देते.

कागद: जागेसाठी सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, न्यासाच्या नोंदणीचा परिशिष्ट 1 चा उतारा, न्यासाची लेखी संमती, ग्रामसभेचा ठराव. ठरावात देखभाल कोण करणार हे नाव घेऊन लिहा. जागा दोघांची असली की पुढचा निधी हमखास इथेच अडतो.

आणि स्मारक राज्य किंवा केंद्र संरक्षित आहे का, ते लेखी विचारून घ्या. केंद्र संरक्षित असेल तर 100 मीटरपर्यंत बांधकामबंदी, त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगी लागते. तुमची कमान तिथेच संपली.

चुनागच्ची:
कमान गेली तर बरंच की! पण सिमेंटच्या दरजा आधी अंदाजपत्रकातून काढा. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद. मागच्या मातीतली ओल सांध्यातून निघत नाही, मग क्षारांसकट दगडातून वाट काढते आणि पापुद्रे सुटतात.

तुमच्या भिंतीचं पोट पिंपळाच्या मुळांनी आणि मागे तुंबलेल्या पाण्याने आलं असणार. वरून दरजा भरून ते आत जात नाही. तेवढा भाग थरवार उतरवायचा. त्याआधी समोरून फोटो, रेखाटन, प्रत्येक दगडावर क्रमांक. मुळं थर उतरवतानाच निघतात. झाड ओढून काढाल तर चार दगड बरोबर येतील. परत रचताना पाणी निघायला मागून वाट ठेवा.

चुना विझवून किमान 15 दिवस पाण्याखाली मुरवा. मग 1 चुना, 1 सुर्खी (विटांची भुकटी), 1 चाळलेली वाळू, चुन्याच्या घाणीत मळून. नंतर दोन आठवडे ओली पोती.

गाळ एप्रिल-मेमध्ये काढा, पण पाणी एका दिवसात उपसू नका. आतलं पाणी उतरतं, मागची माती ओलीच राहते आणि पोट आलेली भिंत कोसळते. रोज थोडं. चुन्याचं काम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सोलापूरच्या उन्हात चुना धरायच्या आधीच वाळतो, हाताने भुगा होतो.

सीनाकाठ:
निधी तर मार्चच्या तोंडावर सुटतो. मग?

कागदवाला:
म्हणूनच टप्पे. पहिल्या वर्षी मोजणी, नकाशे, गाळ आणि भिंतीला तात्पुरता टेकू. पुढच्या वर्षी प्रशासकीय मान्यता दिवाळीपूर्वी हातात पडेल असा प्रस्ताव. नेहमीच्या सरकारी दरसूचीत चुन्याच्या बाबी पुरेशा सापडत नाहीत, तेव्हा दरपृथक्करण (दर कसा निघाला याचा हिशेब) संवर्धन वास्तुविशारदाकडून करून जोडा. नाहीतर कनिष्ठ अभियंता सिमेंटचाच दर टाकतो.

ताळेबंद:
सीएसआरही (कंपन्यांचा सामाजिक कामांचा निधी) बघा. कंपनी कायदा 2013 च्या अनुसूची 7 मध्ये ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आहेच. पण सहकारी साखर कारखान्याच्या दारात जाऊन उपयोग नाही. तो सहकारी संस्था कायद्याखाली, कंपनी कायद्याचं सीएसआरचं कलम 135 त्याला लागत नाही. खासगी कारखाना किंवा फताटेवाडीच्या एनटीपीसीसारखी कंपनी धरा. मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के, म्हणजे 6 कोटींवर 12 लाख, आणि तेही सगळ्या उपक्रमांत वाटलेले. कंपनी आधी स्वतःच्या परिसरातली गावं बघते.

पैसे ग्रामपंचायतीऐवजी न्यासातून घ्यायचे तर त्याच्याकडे 12ए आणि 80जी (आयकराच्या नोंदण्या), सीएसआर-1 (सीएसआर निधी घेण्यासाठीची) नोंदणी आणि 3 वर्षांचा अशा कामाचा अनुभव लागतो. नसेल तर अनुभवी संस्था मध्ये घ्या.

सीनाकाठ:
नळदुर्ग किल्ल्यासारखी बारव एखाद्या कंपनीला दत्तक देता येईल का?

कागदवाला:
नळदुर्ग राज्य संरक्षित, म्हणून राज्याच्या संगोपन (दत्तक) योजनेत बसला. केंद्राची दत्तक योजना सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकांसाठी, आणि तिचा भर स्वच्छता, पोहोच, सुरक्षा आणि माहिती या सोयींवर. तुमची पडकी भिंत त्यातून उभी राहणार नाही. राज्य संरक्षणासाठी पुरातत्त्व संचालनालयाकडे प्रस्ताव द्या, पण त्याची वाट बघत टेकू थांबवू नका.