झाडं तोडणार नाही म्हणतात, फक्त झाडांच्या मधात गट्टू (पेव्हर ब्लॉक) टाकून पार्किंग. विरोध करायचा की नाही?

लेआऊटवाला

मंडळी जरा सल्ला पाहिजे. नागपुरात आमच्या लेआऊटला, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीला, लागून एक जुनं उद्यान आहे, नाव मुद्दाम नाही लिहत कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच महाभारत चालू आहे. समोरचा भाग म्हणजे लॉन, झोपाळे, ओपन जिम, ते सगळं. पण मागचा भाग कोणी लावलेला नाहीच, शहर इथपर्यंत यायच्या आधी जे रान होतं त्याचाच उरलेला तुकडा आहे. मोह, ऐन, तेंदू, बेहडा, आणि तीन चिंचा अशा की दोघांनी हात पसरले तरी कवेत येत नाही. माझे आजोबा सांगायचे की ते लहान होते तेव्हाही ह्या चिंचा एवढ्याच होत्या.

आता त्या मागच्या भागात पार्किंग करून राहिले. साहेब येऊन गोड बोलून गेले, एकही झाड तोडणार नाही, मधात मधात गट्टू बसवू, गाड्या सावलीत राहतील, तुमचंच भलं आहे. झालं, अर्धा ग्रुप म्हणते मग विरोध कशाचा बे, झाडं तर राहूनच राहिली. आणि खरं सांगतो माझ्याजवळ याचं उत्तर नव्हतं, पोटात मात्र खटकून राहिलं. झाडावर नोटीस नाही, पेपरात काही नाही, पण दोन टिप्पर मुरूम येऊन पडला आणि एक दिवस जेसीबी पण चक्कर मारून गेला. मी उगाच आडवा पडून राहिलो का? आणि नसेल तर सुरुवात कुठून करू?

तर्रीबाज

भाऊ माझं थोडं उलटं मत आहे, शिव्या घालू नका. माझं घर अशाच एका गार्डनच्या समोर आहे. रविवारी सकाळी माझ्या गेटसमोर गाडी नाही असं होतच नाही. एकदा बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं, अर्जंट, आणि गेटला चिकटून पांढरी एसयूव्ही. वीस मिनिटं मालकाला शोधत फिरलो. शेवटी सापडला, लाफ्टर क्लबमध्ये हात वर करून हसून राहिला होता.

तर पार्किंग पाहिजे की नाही? पाहिजे. झाडं न तोडता होत असेल तर काय वाईट आहे, ते मला समजावून सांगा कोणी.

रिटायर्ड_ओव्हरसियर

तर्रीबाज, मी समजावतो, कारण हे काम मी स्वतः केलेलं आहे आणि त्याचं मला आज चांगलं वाटत नाही.

गट्टू म्हणजे सतरंजी अंथरल्यासारखे नुसते मांडत नाहीत. आपल्याकडे खाली काळी माती, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे गाड्यांचं वजन पेलायचं तर आधी ती खोदून काढावी लागते, मग मुरूम, मग गिट्टी, पाणी मारून रोलर, त्यावर चुरी, आणि मग गट्टू. आता मोठ्या झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं असतात कुठं? बहुतेक वरच्या दीड-दोन फुटातच, आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरलेली. म्हणजे जेसीबी जे खोदून फेकतो ते झाडाचं तोंडच आहे. जे उरतं त्याच्यावर रोलर फिरतो, मातीतली हवा जाते, पाणी मुरायचं बंद होते.

झाड त्या दिवशी मरत नाही, हीच तर मेख आहे. उद्घाटनाच्या फोटोत हिरवंगार दिसते. दोनचार उन्हाळे गेले की शेंडा वाळायला लागतो, मग एखाद्या मे महिन्याच्या वादळात आडवं होते, गाडीवर पडते, आणि मग "धोकादायक झाड" म्हणून बाकीचेही काढायला परवानगी सोपी. बुंध्याभोवती चार विटांचा चौकोन सोडला म्हणजे झाड वाचवलं, असं आम्ही कागदावर लिहायचो. दिल्लीच्या प्रकरणात हरित लवादानं 2013 मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, ते फुटपाथवरच्या झाडांसाठी ठीक आहे. आजोबांच्या वेळच्या चिंचेला एक मीटर म्हणजे काय हो, पेल्यात पाय धुतल्यासारखं.

आणि 23 सप्टेंबर 2023 ची रात्र विसरलो का आपण? अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी घराघरात. पाणी पिणारी जमीन शहरात किती उरली ते मोजा आधी.

कोर्टाची_पायरी

कायद्याचं मी सांगते. "तोडणार नाही" म्हटलं की परवानगी लागत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. महाराष्ट्राचा शहरी झाडांचा 1975 चा कायदा उघडा आणि व्याख्या वाचा. त्यात झाड तोडणे म्हणजे जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे सुद्धा. वरच्या काकांनी जे लिहिलं, मुळं खोदणं, ती इजाच आहे. म्हणजे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी, त्याची पाहणी, पेपरात जाहिरात, झाडावर नोटीस, लोकांच्या हरकती, सगळं आलं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज समजतात, आणि ते काढायचं झालं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. तुमच्या चिंचा त्यात आरामात बसतात. म्हणूनच तर "तोडणार नाही" असं तोंडी सांगून राहिले, लेखी मागा बरं एकदा.

दुसरं म्हणजे जागेचा कागद. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा काढा आणि त्यावर "झुडपी जंगल", म्हणजे झुडपांची जमीन, अशी जुनी महसुली नोंद आहे का बघा. ही आपल्या पूर्व विदर्भाचीच भानगड आहे, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की झुडपी जंगल ही वनजमीनच. अशी नोंद निघाली तर केंद्राच्या परवानगीशिवाय पार्किंगचं नावही काढता येत नाही. नोंद नाही निघाली तरी विकास आराखड्यात आरक्षण उद्यानाचं असेल, ते बदलायचं तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली हरकती मागवाव्या लागतात.

आरटीआय टाकाच, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, पण त्याला 30 दिवस जातात आणि तुमचा मुरूम येऊन पडलाय. म्हणून सोमवारी दुपारी 3 ते 5 फाईल बघायला जा, शासनाचा 2018 चा आदेशच आहे. झोन ऑफिसमध्ये पत्र द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. अजनीच्या रेल्वे कॉलनीतली, स्टेशन प्रकल्पासाठी तोडणार होते ती झाडं आठवा, तिथं पोरं रस्त्यावर होती, पोस्टर होते, सगळं होतं, पण कुऱ्हाड थांबली ती हायकोर्टात कागद गेल्यावर. घोषणा द्या, जरूर द्या, पण खिशात कागद ठेवून.

पिंगळा_पाहणारी

मला फक्त ढोलींबद्दल, म्हणजे खोडातल्या पोकळ्यांबद्दल, बोलायचं आहे. जुन्या झाडात आणि दहा रोपांत फरक काय तर ढोली. राखी धनेश हा पक्षी आपल्या नागपुरात आहे, सकाळी कर्कश ओरडत जाते तीच, बऱ्याच जणांना घार वाटते. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट, आणि नर दिवसभर उंबर-पिंपळाची फळं आणून भरवतो. आता अशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागते, फांदी तुटावी लागते, बुरशी लागावी लागते. डिव्हायडरवरच्या सप्तपर्णीत कुठून येणार ती. पिंगळे, पोपट, खारी, सगळे त्याच रांगेत.

दादा तुम्ही मार्च ते जूनमध्ये रोज अर्धा तास झाडाखाली बसून फोटो, तारीख, वेळ लिहून ठेवा. आणि प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजा, फोटोत टेप दिसला पाहिजे. उद्या ते म्हणतील "किरकोळ झुडपं आहेत", तेव्हा तुमच्या हातात वही पाहिजे.

मेम्फिस_रिटर्न

मी कामानिमित्त काही वर्षं अमेरिकेत मेम्फिसला होतो, तिथं ओव्हरटन पार्क म्हणून आहे, त्यात भर शहरात जुनं जंगल. हायवे मधातून जाणार होता, लोकं सुप्रीम कोर्टात गेले, 1971 मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल लागला, हायवे काही पार्कातून गेला नाही. संपलं वाटलं ना? 2008 मध्ये त्याच पार्कातल्या प्राणिसंग्रहालयानं चारेक एकर जंगल साफ केलं. मग परत आरडाओरड, आणि 2011 मध्ये 126 एकर जंगलाला राज्याचं संरक्षण मिळालं. तरी गाड्या शेजारच्या हिरवळीवर लागतच होत्या, ते बंद करायचा करार व्हायला 2022 उजाडलं. तिथंही भांडण याच गोष्टीचं, की बघायला येणाऱ्यांच्या गाड्या कुठं. तर लेआऊटवाले, एका स्टे ऑर्डरवर पेढे वाटू नका.

लेआऊटवाला

सगळ्यांना धन्यवाद, खरंच. सोमवारी जाऊन आलो. पहिल्या टेबलवाला म्हणे फाईल साहेबांकडे, साहेब म्हणे फाईल खाली. आदेशाचं नाव काढलं तेव्हा पाच मिनिटात सापडली. फाईलमध्ये गट्टूचं इस्टिमेट आहे, खोदाईचे घनमीटर आहेत, पण झाडांची यादी नाहीच. एकही झाड नाही त्या नकाशात, मोकळा चौकोन काढलाय नुसता. पत्र दिलं, शिक्क्याची पोच आहे. आखीव पत्रिकेचा अर्ज टाकला.

ग्रुपवर ओव्हरसियर काकांचं उत्तर टाकलं तर बरेच जण गप्प झाले. एक गंमत पण झाली, सकाळी गेटवर उभं राहून विचारलं की कार घेऊन कोण कुठून येते. निम्मे तर आमच्याच लेआऊटचे निघाले, दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीतले. चालायला येतात, कारनं. बाहेरून येणाऱ्यांसाठी पलीकडच्या शाळेचं मैदान सकाळी रिकामं असते, मुख्याध्यापकांशी बोलून राहिलो.

रविवारी साडेसहाला झाडं मोजणार आहे. टेप आहे, वही आहे, दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. तर्रीबाज भाऊ येता का?

तर्रीबाज

येतो ना. मोहाखाली पोहे पण आणतो. पण आधी सांगा, गाडी कुठं लावू?

लेआऊटवाला

बसनं या.