लोप पद्धतीत मूळ समीकरण का जपावे लागते

लोप पद्धतीत दोन समीकरणांची बेरीज किंवा वजाबाकी करून एक अज्ञात राशी घालवतात; अशी बेरीज केल्यावर उकल तीच राहते याची खात्री काय, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि ‘समान राशींत समान राशी मिळवल्या’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही. ३क्ष + २य = १६ आणि ५क्ष − ४य = १२ ही जोडी घेऊ. पहिल्या समीकरणाला २ ने गुणून ते दुसऱ्यात मिळवले की य चा लोप होऊन ११क्ष = ४४, म्हणजे क्ष = ४ मिळते. मूळ जोडीची प्रत्येक उकल या नव्या समीकरणात बसते हे खरे; परंतु ११क्ष = ४४ हे एकटे समीकरण य ची कोणतीही किंमत चालवून घेते. म्हणूनच पहिले समीकरण सोबत ठेवावे लागते: नव्या समीकरणातून त्याची दुप्पट वजा केली की दुसरे समीकरण जसेच्या तसे परत मिळते, म्हणजे पायरी उलटवता येते, आणि त्यामुळेच मूळ जोडी आणि पहिले व नवे समीकरण यांची जोडी, या दोन्हींची उकल एकच असते. पहिल्यात क्ष = ४ ठेवल्यावर य = २ येते; ताळा मात्र दुसऱ्या समीकरणात घ्यावा, कारण आकडेमोडीतली चूक तिथेच उघड होते.

२क्ष + ३य = ७ आणि ४क्ष + ६य = १५ यांत पहिल्याची दुप्पट दुसऱ्यातून वजा करून ० = १ आले, तर ती चूक समजून विद्यार्थ्यांनी गणित खोडू नये. त्या रेषा समांतर आहेत आणि उकल नाही, हेच त्याचे उत्तर आहे. उजवीकडे १५ ऐवजी १४ असते तर ० = ० मिळून उकली अनंत असत्या.