एकोणिसाव्या शतकातल्या बाईचा ‘मी’ सापडेल अशी कादंबरी सुचवा

अंबाजोगाई_वाचनकट्टा
आमच्या कॉलनीतल्या बायकांचा वाचनकट्टा आहे. कुणी शिक्षिका, कुणी घर सांभाळणाऱ्या. एकोणिसाव्या शतकातली अशी मराठी कादंबरी हवी, जिच्यात बाई नुसती सोसत नाही, स्वतःचा विचारही करू लागते. मराठवाड्यातलं काही असेल तर सोन्याहून पिवळं.

परभणीकर
बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ची. सुरुवात तिथूनच करा.

गोदाकाठ
ती महत्त्वाची खरीच, पण तुमच्या अटीत बसत नाही. यमुना विधवांची दुःखं पाहत फिरते, आणि लेखकाच्या सुधारणेच्या ओझ्याखाली तिचं स्वतःचं मन दबून जातं.

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ घ्या. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. इथं यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडानं सांगते. सासरी वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी दोन शब्द बोलायची चोरी. मुंबईला बिऱ्हाड होतं, वाचन वाढतं, तिला स्वतःची मतं फुटतात. पुढं नवरा जातो आणि जबरदस्तीनं तिचं केशवपन करतात. ते प्रकरण कट्ट्यावर मोठ्यानं वाचू नका, आधी एकेकीनं घरी वाचून या. मग बोला ते यावर, की यमूचा मोकळेपणा नवऱ्याच्या भलेपणावर उभा होता. तो गेला आणि पायाखालची जमीनच सरकली. मला तरी हा त्या पुस्तकातला सगळ्यात खरा भाग वाटतो.

जालन्याची_लेक
बाईनं लिहिलेली हवी असेल तर काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’. पुस्तक १९०३चं, लेखन त्याच्या आधीचं.

कादंबरी नाही, तरी ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) जोडीला ठेवाच. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या त्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून पेटून लिहिलंय. लहानसं आहे, एका बैठकीत होतं.

मराठवाड्याचं म्हणाल तर तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. वर आलेल्या यमुना आणि यमू दोघी पांढरपेशा घरातल्या. पहाटे जात्यावर बसणारी आपल्याकडची बाई त्यांत नाही, ती ओव्यांत आहे. कट्ट्यातल्या कुणाच्या आजीला येत असतील तर आत्ताच लिहून घ्या.

अंबाजोगाई_वाचनकट्टा
मनापासून आभार. आपटे ठरले, सोबत ताराबाई. दोघीतिघींच्या आयांना ओव्या येतात, त्यांनाही बोलावते. आपट्यांची मोठ्या टाइपातली आवृत्ती कुठं मिळेल? आमच्यात साठीच्या पुढच्या बऱ्याच आहेत.